पूल, मेंढी, चमचा, घंटा, लोकर

५ एप्रिल, रविवार – ईस्टर

फिन्टनने चॉकलेटचं अंडं नुसतं हुंगलं आणि माझ्या हातात दिलं. "तू खा, प्रोफेसर. मी वासावर जगतो."

लेंटच्या उपासाचे चाळीस दिवस संपले, सगळं वेक्सफर्ड आज पोटभर जेवतंय, आणि आमच्या घरात उपास आत्ता कुठे सुरू होतोय! आईने पहाटे उठून कोकराची मांडी भाजायला टाकली होती. माझ्या भावाने मोजून दोन घास खाल्ले. सात पौंड उतरवायचेत, बारा दिवसांत. सतरा तारखेला ड्रमकाराचा कप, अडथळ्यांवरून उड्या मारायची मोठी घोडेशर्यत. तबेल्याच्या मालकांनी, क्विर्कसाहेबांनी, कर्लू घोडी त्याला दिली आहे. सात वर्षं त्याने क्विर्कांची लंगडी, हट्टी, अडथळा दिसला की थिजणारी जनावरं शर्यतीत पळवली, दोनदा खांदा मोडून घेतला. आता पहिल्यांदा खरी घोडी. पण तिच्यावर बसणाऱ्याचं वजन हलकं ठरलंय, म्हणून हा वनवास. एकोणतीस वर्षांचा आहे तो. पुन्हा कुणी विचारणार नाही – हे तो बोलत नाही, आई बोलते.

आणि यंदा मीही असणार ड्रमकाराला! चारही दिवस. जॉकींच्या तब्येतीचं काम, माझी पहिली नेमणूक. गळ्यात नावाची पट्टी – सोरका डेव्हरो. आईने ती माझ्या पदवीच्या फोटोपाशी, येशूच्या तसबिरीखाली, दिवसभर लावून ठेवली होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलेलं नाही. मला हे काम नीट करायचंय. जॉकींनी उपाशीपोटी घाम गाळून वजन उतरवणं थांबवता येतं, जेवून हलकं राहता येतं – हे मला तिथे दाखवून द्यायचंय. माझ्याच भावापासून सुरुवात व्हायला हवी होती. असो.

जेवणानंतर एक गोष्ट कळली, ती इथे लिहून ठेवते. दर शरदात सगळ्या जॉकींच्या डोक्याची तपासणी होते – पाठांतर, एका पायावर उभं राहणं, बोटांची चपळाई. ते आकडे ठेवून देतात. कुणी पडलं की तीच तपासणी पुन्हा, आणि दोन्हींची तुलना. फिन्टन हसत म्हणाला, "शरदात सगळेच मुद्दाम डळमळतात. मी तर गेल्या शरदात एका पायावरून दोनदा पडलोच! पुढे खरंच डोकं आपटलं तर फरक दिसायला नको ना."

मी चिडले. तो म्हणाला, "आणि शब्दांच्या याद्या? त्या तर तूच शिकवल्यास!"

खरं आहे. तीन हिवाळ्यांपूर्वी खांद्याचं हाड मोडून तो चुलीपाशी बसला होता आणि माझा प्रबंध चालू होता – उपाशी जॉकीची स्मरणशक्ती किती घसरते, तेही त्यात तपासायचं होतं. पाच-पाच शब्दांच्या सहा याद्या, डॉक्टर वापरतात त्याच. दुसरं माणूस कुठून आणू? रोज त्याच्यावरच सराव. सहाही याद्या त्याला पाठ झाल्या. आज त्याने पहिली यादी माळ ओढल्यासारखी म्हणून दाखवली – पूल, मेंढी, चमचा, घंटा, लोकर. आई हसली. मीही हसले.

मग भांडी घासताना वाटलं, हे कुणाला तरी सांगायला हवं.

पण घोड्यावरून अजून कुठे कुणी पडलंय?


८ एप्रिल, बुधवार

ड्रमकाराला जॉकींच्या वजनखोलीच्या शेजारची छोटी खोली मला मिळाली. तिथे टेबल मांडलं. उकडलेले बटाटे, केळी, सूप, मिठाचं पाणी. आज सरावासाठी आलेले जॉकी दारातून डोकावून जात होते – म्युझियममध्ये यावं तसे.

मॉसी कीटिंग तेवढा आत आला. फिन्टनच्याच तबेल्यात दुसऱ्या नंबरचा जॉकी. फिन्टन नसेल तर कर्लू त्याला मिळेल, आणि हे दोघांनाही माहीत आहे. तरी एकमेकांचे बूट घालतात.

"बाई, हा बटाटा माझ्यासाठी की घोड्यासाठी?"

"तुमच्यासाठी."

"अहो, घोडा म्हणेल – मॉसी, तू उतर, बटाट्यालाच बसू दे. त्याला निदान मीठ लावलंय."

बाहेर सगळे खिंकाळले. मीही हसले. पण जाताना त्याने एक बटाटा खिशात टाकला. मी पाहिलं!


१३ एप्रिल, सोमवार

फिन्टन अजून तीन पौंड जास्त. भिंतीवर लावलेल्या माझ्या तक्त्यातल्या माणसाला कुणीतरी मिशा काढल्यात.


१४ एप्रिल, मंगळवार – पहिला दिवस

फिन्टन पडला.

दुसरी शर्यत. कप नव्हे, साधीच – घोडाही साधाच. मी खोलीतल्या टीव्हीवर बघत होते. पाचव्या अडथळ्यापलीकडे घोड्याचे पुढचे पाय दुमडले, तो तोंडावर गेला आणि मागून येणाऱ्या घोड्याचा खूर फिन्टनच्या हेल्मेटला लागला. गवतावर तो हलत नव्हता. मी आकडे मोजले. अकरा. मग गुडघ्यावर उठला, कॅमेऱ्याकडे बघून हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

डॉ. हेनेबरींनी लगेच तपासलं. साठीचे गृहस्थ, कोटावर कायम कुत्र्याचे केस, फार सावकाश बोलतात. दाराबाहेर उभी राहून मी ऐकत होते. महिने उलटे म्हणायला सांगितले. थोडा अडखळला – जून आणि मेच्या मध्ये. एका पायावर उभा राहिला. मग डॉक्टरांनी शब्द वाचले, आणि माझ्या भावाचा आवाज, स्वच्छ –

"पूल, मेंढी, चमचा, घंटा, लोकर."

मला रडूच आलं, आनंदाने. देवा, ठीक आहे तो! आणि डोळे पुसता पुसता लक्षात आलं, मी कशावर आनंद करते आहे.

बाहेर येऊन म्हणाला, "फर्स्ट क्लास, प्रोफेसर! मीच पदवी घ्यायला हवी होती."

घरी येताना गाडी थांबवून ओकला. म्हणाला, रिकाम्या पोटी चहा घेतला ना.

मेंदूला धक्का ठरला तर किमान तीन आठवडे घोड्यावर बसता येत नाही. कप शुक्रवारी.


१५ एप्रिल, बुधवार

डोकं दुखतंय त्याचं. खिडकीचा पडदा ओढून बसला होता, उजेड सोसत नाही म्हणाला. अंगातलं पाणी आणि क्षार कमी झाले की असंच होतं. मी मिठाचं पाणी दिलं. तक्त्यावर लिहिलं – 'पाणी कमी.' दुसरं कारण डोक्यात आलंच नाही असं नाही. आलं. मी ते बाजूला ठेवलं, कारण मला जे बरं करता येतं ते कारण मला हवं होतं.

सकाळी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. पुन्हा पास. दुसरी यादी होती म्हणे.

दोन शर्यतींत बसला. एकीत चौथा, एकीत शेवटून दुसरा. संध्याकाळी मॉसी माझ्या टेबलापाशी येऊन उगीचच केळं सोलत उभा राहिला. आज मस्करी नाही.

"तुझा भाऊ बरा आहे ना?"

"का हो?"

"मी त्याच्या बाजूलाच होतो. तिसऱ्या अडथळ्याला जाताना लगाम सैल सोडून बसला होता. बसमधून चालल्यासारखा. मी ओरडलो, तेव्हा जागा झाला."

"जेवत नाहीये. वजन उतरवतोय."

"हं," मॉसी म्हणाला. "मी काही बोलत नाही. मी बोललो तर लोक म्हणतील, याला घोडी हवीये."

केळं तसंच सोललेलं टेबलावर ठेवून गेला.


१६ एप्रिल, गुरुवार – सकाळ

गाडीतच बसून लिहिते आहे, तो वजनखोलीत गेलाय.

ड्रमकाराला पूर्वी वाफेची खोली होती, ती बंद केली – जॉकींच्या भल्यासाठी! आता सगळे घरून येताना गाडीतच घाम काढतात. अंगात रबरी सूट, वर दोन स्वेटर, काचा बंद, हीटर पूर्ण. आणि गाडी चालवायला कुणीतरी लागतं. आमच्याकडे मी. जॉकींनी पोटभर खाऊन हलकं कसं राहावं, यावर प्रबंध लिहिलेली मी, भावाला भट्टीत घालून पासष्ट किलोमीटर नेते. निघताना आईने दोघांवर पवित्र पाणी शिंपडलं. फिन्टन म्हणाला, "आई, पाणी नको गं, वजन वाढेल!"

वाटेत माझ्या मनात ते दुसरं कारण पुन्हा वर आलं. म्हटलं, एकदाची खात्री करू. डॉक्टरांची यादी नको, त्याने कधीच न ऐकलेले शब्द हवेत. जे सुचले ते म्हटले – "कंदील, शिडी, साखर, नदी, बटण. म्हण."

तो गुडघ्यावर बोटं वाजवत होता. जराही न थांबता म्हणाला, "पूल, मेंढी, चमचा, घंटा, लोकर."

मी रस्त्याकडेच बघत राहिले.

"बरोबर ना?" तो म्हणाला.

"मी काय म्हटलं होतं, फिन्टन?"

"हेच की!"

मस्करी करतानाचा त्याचा चेहरा मला लहानपणापासून माहीत आहे. डावी भुवई आधी हलते. ती हलली नव्हती.

मी हीटर बंद केला. हात आपोआपच गेला.

"ए, चालू ठेव! अजून दोन पौंड आहेत."

मी पुन्हा चालू केला. का केला? मला माहीत नाही. चालू केला.


१६ एप्रिल – दुपार

डॉ. हेनेबरींना सांगितलं. याद्यांचं, ओकण्याचं, आजच्या गाडीतलं. शरदातल्या डळमळण्याचंही.

ते कोटावरचे केस वेचत राहिले. "डळमळतात सगळेच. कळतं मला. पंचवीस वर्षं बघतोय – घोड्यावर उभं राहून जेवू शकणारी पोरं माझ्यासमोर एका पायावर उभं राहताना पडतात."

"मग थांबवा ना त्याला!"

"कशावरून? दोनदा तपासलं. डोकं दुखतं का विचारलं – नाही म्हणाला. कागदावर तो ठीक आहे."

"मी सांगतेय ना."

"तू सांगतेस ते गाडीतलं. मी पुन्हा तपासेन, सगळ्या याद्या घेईन. तो पास होईल. तू चांगलं शिकवलंयस."

रागाने नाही म्हणाले. उलट फार मऊ आवाजात. त्यानेच जास्त लागलं.

मग खण उघडून एक फॉर्म दिला. "हे लिहून दे, सही कर. तू इथली कर्मचारी आहेस. लेखी आलं की मी त्याच मिनिटाला त्याला घरी बसवतो, कुणाचं ऐकत नाही. उद्या दहापर्यंत."

"शरदाचंही लिहावं लागेल?"

"सगळंच लिहावं लागेल. ते वर शर्यत मंडळाकडे जाईल. परवाना वर्षभर तरी जाईल त्याचा." त्यांनी खण बंद केला. "आणि तुझ्या टेबलावरचं केळं पुन्हा कुणी घेणार नाही, हेही सांगून ठेवतो."

फॉर्म एका पानाचा आहे. घडी करून या वहीत ठेवला.


१६ एप्रिल – संध्याकाळ

फिन्टन गरम पाण्यात बसलाय, क्षार टाकून, उरलेलं वजन घामावाटे काढायला. न्हाणीच्या दाराबाहेर जमिनीवर बसून मी त्याला सगळं सांगितलं. फॉर्मचंही. लपवून करणं मला जमणार नव्हतं.

आत पाण्याचा आवाज थांबला.

"सही केलीस?"

"नाही अजून."

"शनिवारी मी स्वतः जातो डॉक्टरांकडे. स्वतः, सोरके. जे काय आहे ते सगळं सांगतो. तीन आठवडे काय, तीन महिने घरी बसवू देत. बाबांच्या थडग्याची शपथ. मला फक्त उद्याची सात मिनिटं दे."

"आज गाडीत काय म्हणालास, आठवतं?"

"अगं, मस्करी केली!"

दार बंद होतं. भुवई दिसत नव्हती.

"सात वर्षं," तो आतून म्हणाला. आणि मग एकदम, वेगळ्याच आवाजात, "मला ती घोडी कळते गं. बाकी सगळं धुक्यात आहे. तेवढीच कळते."

म्हणजे धुकं आहे! त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आणि मी काय केलं? टॉवेल दिला.

आई जिन्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं. मी म्हटलं, "तूच सांग, काय करू?"

"मला नको विचारूस. मी दोघांची आई आहे."

खाली जाता जाता वळली. "चार वर्षं दर सोमवारी पहाटे पाचला तुला कॉलेजच्या बसवर कोण सोडायचं गं? तापातसुद्धा?"

बस्स, एवढंच. ती वाईट नाही. तिला तो घोड्यावर दिसतो तेव्हा बाबा दिसतात. मला तो गवतावर दिसतो, अकरा आकडे.

फॉर्म भरला. नाव, तारीख, काय पाहिलं, काय ऐकलं. अक्षर चांगलं आलंय. सहीची जागा मोकळी आहे.


१७ एप्रिल, शुक्रवार – कप

दहा वाजले तेव्हा मी बटाटे सोलत होते. इथे कुणी सोललेले बटाटे खात नाही. तरी सोलत होते.

पावणेदहाला डॉक्टर वजनखोलीच्या त्या टोकाला येऊन उभे राहिले होते. माझ्याकडे बघत. फॉर्म ॲप्रनच्या खिशात होता. दहा पावलांचं अंतर. मी मान खाली घातली. पुन्हा वर पाहिलं तेव्हा ते घड्याळाकडे बघत होते, आणि मग निघून गेले.

एवढंच. कुणी मला धरलं नव्हतं. तोंड दाबलं नव्हतं. मला वाटायचं, असं काही करायची वेळ आली की आपण ताठ उभे राहू. पदवीच्या दिवशी उभी होते तशी.

फिन्टनचं वजन बरोबर भरलं. काट्यावरून उतरताना जरा झोकांडी गेली, मॉसीने कोपर धरलं.

शर्यत बघायला मी बाहेर गेले, शेवटच्या अडथळ्यापाशी. लोकांचा आवाज, भिजलेल्या गवताचा वास, आणि मी मनातल्या मनात – पडू दे. देवा, आत्ताच पडू दे, हळू, पहिल्याच अडथळ्याला, हात मोडू दे. लगेच – नको, नको, पडू नको देऊ! कोणतं मागणं खरं, मलाच कळेना.

तो पडला नाही.

असा कधी बसलेला पाहिला नव्हता मी त्याला. एकही उडी चुकली नाही. घोडी आणि तो एकच जनावर असल्यासारखे. शेवटच्या अडथळ्याला तो माझ्यापासून हाताच्या अंतरावरून गेला. चेहरा शांत होता. झोपलेल्या माणसासारखा शांत. दोन घोड्यांच्या लांबीने जिंकला!

सगळे ओरडत होते. क्विर्कसाहेब टोपी फेकून रडत होते. आईने फोनवर नुसता हुंदका दिला. मीसुद्धा धावले, कुंपणावरून वाकले, त्याच्या बुटाला हात लावला.

वजनखोलीत त्याला सगळ्यांनी घेरलं. त्याने हेल्मेट काढलं आणि मॉसीला विचारलं, "कितवा आलो?"

केवढा हशा पिकला! पाठीवर थापा. "कितवा आलो म्हणे! साहेबांची ऐट बघा!" मीही हसले. सगळ्यात मोठ्याने हसले.

मॉसी हसला नाही.

उद्या शनिवार. उद्या तो स्वतः जाणार आहे. शपथ घेतलीय.


१८ एप्रिल, शनिवार

आठ वाजता खाली आला. आईने सॉसेज, अंडी, काळी पुडिंग, सोडा ब्रेड – सगळं मांडलं होतं. टेबलाच्या मधोमध काल मिळालेलं काचेचं भांडं, त्यात डॅफोडिलची फुलं.

भांड्यावर त्याचंच नाव कोरलंय. त्याने ते वाचलं. "हे कुठून आलं?" म्हणाला, आणि ताट पुढे सरकवलं. "आज कसलं खायला घालतेस, आई? अजून दोन पौंड आहेत!"

आता बाहेर गाडीत बसलाय. रबरी सूट, वर दोन स्वेटर. हॉर्न वाजवतोय.

"सोरके, चल ना! कपला उशीर होईल. हीटर लाव."